मदत हवी आहे: भडगावहून बोलेरोने जैसलमेर-तनोट, वाळूत गाडी घालावी का?

नमस्कार मंडळी.

संक्रांत झाली की आम्ही चौघं मित्र गाडीने जैसलमेरला निघतोय. तोवर कापूस विकून होतो, हरभऱ्याच्या पाण्याला घरचे आहेत. वर्षातले एवढेच आठ दिवस मोकळे सापडतात. गाडी माझी, २०१६ ची बोलेरो. फोर बाय फोर नाही, साधी मागच्या चाकांवर चालणारी. चौघांत दोघं पक्के ड्रायव्हर. तिसरा 'मीपण चालवतो' म्हणतो, पण कोंडाईबारीच्या घाटात त्याच्या हाती स्टेअरिंग द्यायची माझी छाती नाही.

रस्ता ठरलाय: पारोळा, धुळे, नवापूर, सुरत, अहमदाबाद, मग डीसा, सांचोर, बाडमेर करत जैसलमेर. अकराशे किलोमीटरच्या आसपास. एकाला चित्तोडगड बघायचाय म्हणून तो शिरपूर-सेंधव्यावरून इंदूरमार्गे चला म्हणतोय. त्याचं तो आणि बाकी दोघं बघून घेतील.

माझा प्रश्न वाळूचा आहे.

मागच्या रविवारी म्हटलं, जायच्या आधी हात बसवून घेऊ. गिरणेच्या कोरड्या पात्रात गाडी उतरवली. चाळीस-पन्नास फूट गेली आणि थांबली. मी जोरात रेस केली. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरली, वाळूचा फवारा उडाला आणि बघता बघता डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांच्या मधला गोळा) वाळूवर टेकलं. जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली गेला. शेवटी काठावरच्या मळ्यातून ट्रॅक्टर आणला आणि टोचन लावून ओढली. ट्रॅक्टरवाल्या काकांनी एक रुपया घेतला नाही. मात्र 'पोरं बोलेरोत वाळू भराले उनथात' असं गावभर सांगितलं. मोबदला वसूल.

तर अनुभवी लोकांनी सांगा: असली गाडी जैसलमेरजवळच्या सम किंवा खुडी गावच्या वाळूच्या टेकड्यांवर न्यावी का? टायरची हवा कमी करतात म्हणे, ती किती? पाकिस्तान सीमेजवळच्या तनोट-लोंगेवालाला परवानगी लागते का? आणि एका मित्राचा (माझा नाही) प्रश्न, डिकीत दोन बाटल्या चालतील का?

प्रतिसाद

डोकं फिरनं का रे भो तुनं? मे महिनामा आपलं भुसावळच वाळवंट व्हई जास. पैसा खर्ची इतलं लांब कसाले जावानं?

प्रतिसाद

वरच्या भाऊंकडे लक्ष देऊ नका. मी साक्रीचा, आधी ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांवर होतो, नंतर तीन वर्षं त्याच कामाने जैसलमेरला. कामाच्या गाड्या आठवड्यातून एकदा तरी रुतायच्या, म्हणून सांगतो.

चूक एकच झाली, रेस केलीत. वाळूत चाक फिरलं की ते स्वतःसाठी खड्डा खणतं. गाडी अडल्यासारखी वाटली की पाय काढायचा, उतरायचं आणि चारही टायरची हवा ३५ पीएसआयवरून १८-२० वर आणायची. टायर चपटा होऊन जमिनीवर लांब टेकतो, वजन पसरतं. मग चाकांपुढची-मागची वाळू हाताने ओढून काढायची आणि आलात त्याच चाकोरीतून हळू मागे यायचं. हवा कमी असताना झटक्यात वळवू नका, टायर रिममधून निसटतो. जॅकखाली ठेवायला दीड फुटाची जाड फळी घ्या. दोन-चार गोणपाटं, एक फावडं आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. पंप विसरलात तर डांबरी रस्त्यावर चपट्या टायरने पळावं लागेल, टायर तापून फाटेल.

गिरणेची वाळू जाड आणि कंगोऱ्यांची, कणात कण अडकतो. तिथली बारीक, गोल, पिठासारखी. म्हणजे गिरणेत जमलं तरी तिथे जमेलच असं नाही. गिरणेत नाही जमलं तर तिथे नक्की नाही. पहाटे वाळू गार आणि जरा घट्ट असते, दुपारी मोकळी होते.

पण खरं सांगू का, टेकड्यांवर आपली गाडी घालूच नका. सम-खुडीचा बराच भाग वाळवंट राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. तिथे माळढोक आहे, राजस्थानी लोक त्याला गोडावण म्हणतात. आपल्या सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तोच पक्षी. तो जमिनीवरच घरटं करतो, अंडं बहुधा एकच. चाकाखाली काय गेलं ते कळणारही नाही. वाळूची हौस तिथल्या जीपवाल्याकडून भागवा.

तनोट-लोंगेवालाला सबंध डांबरी रस्ता आहे. जैसलमेर, रामगढ, तनोट, लोंगेवाला आणि परत रामगढमार्गे जैसलमेर, असा फेरा अडीचशेच्या वर जातो. टाकी जैसलमेरला फुल करा. तनोटचं मंदिर आणि लोंगेवालाचं १९७१ च्या युद्धाचं रणांगण बघायला अडचण नाही. तनोटच्या पुढे सीमेच्या चौकीकडे जायचं तर परवानगी. मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं, १९६५ च्या युद्धातले न फुटलेले बॉम्ब आत ठेवलेत. रामगढनंतर मोबाईलची रेंज जाते-येते, नकाशा आधी उतरवून घ्या.

बाटल्यांचं: तुमचा रस्ता गुजरातमधून आहे. तिथे दारूबंदी, गाडीसुद्धा जप्त होऊ शकते. मित्राला (तुम्हाला नाही) कळवा.

आणि कपडे. आपल्याला ऊन माहीत आहे, तिथली थंडी नाही. जानेवारीत रात्री तिथे पारा ५ च्या खाली उतरतो आणि तंबूतून वारा आरपार जातो. मी पहिल्या रात्री अंगावर दोन चादरी घेऊन बसून काढली होती. गोधड्या न्या.

धागाकर्ता

साक्रीकर भाऊ, उपकार झाले. काल संध्याकाळी परत गिरणेत उतरलो. १८ ची हवा, दुसऱ्या गियरमध्ये, पाय अगदी हलका. साधारण दोनशे फूट गेलो, वळलो, आलो. एकदा अडली तेव्हा रेस न करता उतरलो, हाताने वाळू काढली, मागे घेतली, निघाली. काठावर ट्रॅक्टरवाले काका उभेच होते, बिचारे निराश होऊन गेले.

समला जीपच करू. गोधड्यांचं आईला सांगितलं तर तिने चार गोधड्यांबरोबर वीस बट्ट्या आणि कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठही काढून ठेवलंय. तिथे दाल-बाटी मिळते म्हटलं तर म्हणे, त्यांची आपल्यासारखी नसते. उकडून मग तुपात तळलेली बट्टी प्रवासात किती दिवस टिकते, कुणी नेली आहे का?