ऑक्टोबरचा पहिला रविवार आणि ज्वारीची भाकरी

कार्यकारिणीकडून:
नमस्कार काकू, आपल्या मराठी मंडळाच्या कोजागरीच्या तयारीची बैठक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला ठरली आहे. तुम्ही "त्या दिवशी चर्चमधून लवकर निघता येणार नाही" असं कळवलंत. काही विशेष आहे का? या ईमेल-लिस्टवरच सांगितलंत तर सगळ्यांना कळेल.

एडिसनहून (न्यू जर्सी, अमेरिका) काकूंचं उत्तर:
दुपारी दोनला ठेवलीत तर फार बरं होईल. तो रविवार आमचा जागतिक प्रभुभोजनाचा: ठिकठिकाणची चर्चेस त्याच दिवशी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतात. 1933 साली, मंदीच्या दिवसांत, पिट्सबर्गच्या शेडीसाइड प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक ह्यू थॉमसन कर यांनी तो सुरू केला. 1940 मध्ये इथल्या, अमेरिकेतल्या, चर्चेसच्या संघानं उचलून धरला आणि ऐन युद्धात तो पसरला.

आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या घरची भाकरी न्यायची. कुणी मक्याची टोर्टिया आणतं, कुणी इथिओपियाची आंबवलेली इंजेरा, मी ज्वारीची भाकरी. आपल्या मराठी बायबलात प्रभूनं "भाकर"च मोडली आहे. लहानपणी नगरला प्रभुभोजनाच्या ताटात पावाचे चौकोनी तुकडे यायचे आणि मी आईला विचारायची, यात भाकर कुठाय? इथं पहिल्या वर्षी पीठ जुनं निघालं, विरी गेलेली. भाकरी तव्यावरच चिरली. पाळकबाईंनी हातात घेतली तर आपसूक दोन तुकडे. मला रडू आलं. त्यांनी तेच दोन तुकडे वर धरले.

प्याल्यात द्राक्षरस असतो. तोही आपल्या न्यू जर्सीचा! व्हाइनलंडचे दंतवैद्य थॉमस वेल्च मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे होते. रस आंबू नये म्हणून तापवून ठेवायची युक्ती त्यांनी 1869 मध्ये केली, ती प्रभुभोजनासाठीच.

आपल्याकडेही 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या पंथांची सहा चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. माझे आजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले, त्यांना बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांवरचा धर्माधिकारी, ही गोष्टच परकी. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्या वयात, यावर तर दोन्ही रीती ठेवाव्या लागल्या. तरी प्रभुभोजनाचं मेज एक झालं.

वसईकराचं उत्तर:
काकू, मी कॅथलिक. गेल्या वर्षी बायकोबरोबर तुमच्या चर्चमध्ये आलो होतो. ताट आलं तेव्हा मी घेतलं नाही, याचं कुणाला वाईट वाटलं असेल म्हणून लिहितोय. आमच्या श्रद्धेनं प्रभुभोजनाची भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर बनते, आणि ती घेणं म्हणजे ती देणाऱ्या चर्चशी पूर्ण ऐक्य असल्याची कबुली. ते ऐक्य अजून झालेलं नाही. बायको मेथडिस्ट. तिनं घेतलं आणि ताट माझ्या मांडीवरून पुढं गेलं. बावीस वर्षांच्या संसारात एवढी एकच गोष्ट आम्ही वाटून घेऊ शकत नाही. चर्चेसमध्ये एकमत व्हावं म्हणून 1982 साली पेरूतल्या लिमा इथं बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवापद (पाळक, बिशप यांचं पद) यांवर एक मसुदा झाला, त्यात आमचे धर्मपंडितही बसले होते. तेव्हा मी शाळेत होतो.

एडिसनहून:
भाऊ, ताट पुढं गेलेलं मी पाहिलं होतं. काय बोलावं सुचलं नाही. यंदा दोघंही या. मेजावर एकच भाकरी जाते, बाकीच्या भाकरी उपासनेनंतर खालच्या हॉलमध्ये सगळे मिळून खातो. तिथं तुमच्या शेजारी बसेन. लसणाची चटणी माझ्याकडे.
कुणाकडे ताजं दळलेलं ज्वारीचं पीठ आहे का? शनिवारपर्यंत हवं.

कार्यकारिणीकडून:
बैठक दुपारी दोनला. काकू, पीठ माझ्याकडे आहे, शुक्रवारी आणून देतो.