जावामध्ये अक्षांश आणि रेखांश यांसाठी स्वतंत्र क्लास करावेत का? मदत हवी आहे

सर्व सदस्यांना नमस्कार. गोव्यातील तिसवाडी तालुक्यात खाजन जमिनींच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनींच्या, बांधांवर ज्या मानशी आहेत, म्हणजे भरतीचे खारे पाणी शेतात शिरू न देणारी आणि ओहोटीला आतले पाणी नदीत सोडणारी दारे, त्यांची नोंदवही मी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत तयार करीत आहे. प्रत्येक मानशीसाठी ‘स्थान’ या क्लासचा एक ऑब्जेक्ट असून त्याच्या कन्स्ट्रक्टरला, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडला, अक्षांश आणि रेखांश असे दोन डबल (दशांश संख्या) द्यावे लागतात. अडचण नेमकी इथेच आहे.

दिवाडी बेटावरील काही नोंदी नकाशावर दिसेनात म्हणून शोध घेतला, तेव्हा त्या नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या समुद्रात सापडल्या. नकाशावरील बिंदूंची माहिती साठवणाऱ्या जिओजेसन फाइलमध्ये रेखांश आधी आणि अक्षांश नंतर असतो, आणि मी ती जोडी आहे त्याच क्रमाने कन्स्ट्रक्टरला दिली होती. अक्षांश उणे ९० ते ९० आणि रेखांश उणे १८० ते १८० या मर्यादेत आहे ना, हे मी तपासत होतोच, परंतु १५.५२ आणि ७३.९० यांची अदलाबदल झाली तरी दोन्ही संख्या मर्यादेतच राहतात. गुवाहाटीचे काम असते तर तिथला रेखांश ९० च्या पुढे असल्यामुळे चूक लगेच पकडली गेली असती. गोव्यात ही तपासणी काहीच पकडत नाही. गोव्याची चौकट क्लासमध्येच घालणे मला पटत नाही, कारण ‘स्थान’ पृथ्वीवरच्या कोणत्याही बिंदूसाठी चालले पाहिजे.

म्हणून ‘अक्षांश’ आणि ‘रेखांश’ असे दोन वेगळे क्लास करण्याचा विचार आहे, म्हणजे क्रम चुकल्यास कोड कंपाइलच होणार नाही. ते ‘कोन’ या एकाच क्लासपासून इनहेरिट करावेत का, याबद्दल मात्र मी साशंक आहे. अक्षांश ध्रुवावर संपतो, तर रेखांश फिरून येतो आणि १८० व उणे १८० ही एकच रेषा असते. दोघांचे नियम इतके भिन्न असताना समान पालक क्लास कितपत उपयोगी पडेल?

यातून आणखी एक चूक टळेल असे वाटते. हातातल्या जीपीएसवर १५ अंश ३१.४ मिनिटे असे दिसते. ते कोणी १५.३१४ असे भरले तर बिंदू सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला सरकतो, कारण खरी किंमत १५.५२३३ आहे. कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट ठेवून ‘दशांशातून’ आणि ‘अंश-मिनिटांतून’ अशा दोन स्टॅटिक मेथड द्याव्यात, असे माझे मत आहे.

सर्वांत अवघड प्रश्न समानतेचा आहे. एकाच मानशीची दोन दिवशी घेतलेली नोंद काही मीटरांनी वेगळी येते. दहा मीटरांच्या आतले बिंदू समान मानावेत, असे इक्वल्समध्ये (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का हे ठरवणाऱ्या मेथडमध्ये) लिहिले, तर पहिला बिंदू दुसऱ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी समान असूनही पहिला तिसऱ्याशी समान नसेल, आणि अशा इक्वल्सशी सुसंगत असा उपयोगी हॅशकोड (समान ऑब्जेक्टांसाठी सारखाच यावा लागणारा आकडा) लिहिता येणार नाही. त्यामुळे इक्वल्स काटेकोर ठेवून ‘जवळ आहे का’ ही वेगळी मेथड अंतराच्या मर्यादेसह लिहावी, या निष्कर्षापर्यंत मी आलो आहे.

नोंदी काही शेच असल्याने वेगाची चिंता नाही. ज्यांनी अशी रचना प्रत्यक्ष वापरली आहे, त्यांनी इनहेरिटन्सविषयीचे आपले मत कारणांसह द्यावे आणि शक्य असल्यास समानतेचा कोडही दाखवावा, ही विनंती.