समाचाराला जाताना: ‘उत्तेजन’, ‘धीर’, ‘सांत्वन’ की ‘दिलासा’?

पत्रककर्ती
आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या मंडळीतल्या (आमच्या चर्चमधल्या) गटासाठी चार पानी पत्रक इंग्रजीतून मराठीत आणते आहे. शीर्षकापाशीच अडलंय: ‘ख्रिस्ती आशा आणि दुःखितांना उत्तेजन’. मंडळीत ‘उत्तेजन’ अगदी रुळलेला शब्द. ‘संदेशातून उत्तेजन मिळालं’, ‘एकमेकांना उत्तेजन द्या’ हे दर रविवारी कानावर पडतं. पण मंडळीबाहेरच्या एका मराठीच्या शिक्षिकेने कच्चा मजकूर वाचून नेमकी त्याच शब्दाखाली लाल रेघ मारली. पत्रक ख्रिस्ती भेटकऱ्यांसाठी असलं तरी शेजारच्या खाटेवरचे लोकही ते वाचणार. पर्याय डोक्यात आहेत ते असे: प्रोत्साहन, धीर, दिलासा, सांत्वन, उमेद. कोणता घ्यावा? आणि ‘आशा’ तशीच ठेवायला हरकत नाही ना?

ओझरकर
रेघ बरोबर आहे. आजच्या मराठीत ‘उत्तेजन’ दोनच ठिकाणी शिल्लक आहे. एक, निबंधस्पर्धेत पहिल्या तिघांत न आलेल्याला मिळणारं उत्तेजनार्थ बक्षीस. दुसरं, खेळाडूंची उत्तेजक द्रव्य चाचणी. ‘उत्तेजित’चा अर्थ तर इथे लिहायलाच नको. खाटेवरच्या माणसाच्या हातात हा शब्द देऊ नका.

जुनी पोथी
इतक्या झटपट निकालात काढण्यासारखा शब्द नाही हा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला चालवते ती वक्तृत्वोत्तेजक सभा. महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्थाही पुण्याचीच. एकोणिसाव्या शतकातल्या मराठीत उत्तेजन म्हणजे एखाद्याच्या चांगल्या कामाला बळ देणं, आणि मिशनच्या मराठीने शब्द उचलला तो त्या काळात. बाहेरच्यांनी अर्थ बदलला, मंडळीने जुना जपून ठेवला.

धातूही बघा. उद् अधिक तिज्. तिज् म्हणजे धार लावणं. ‘तेज’ आणि ‘तीक्ष्ण’ त्यातलेच. पाणिनीने याच धातूपासून ‘तितिक्षा’ साधली आहे, म्हणजे सोसण्याची ताकद. उत्तेजन आणि सहनशीलता एका धातूची. दुःखात असलेल्या माणसासाठी याहून नेमका शब्द कुठून आणणार?

ओझरकर
धातू कोशात असतो. वॉर्डात अर्थ पोहोचावा लागतो.

वॉर्ड नंबर चार
शब्द कोणाच्या तोंडून कोणाच्या कानावर जाणार आहे, त्यावर तो ठरवावा. एकेक घेतो.

‘सांत्वन’ खाटेपाशी वर्ज्य. वर्तमानपत्रातली ‘सांत्वनपर भेट’ मयताच्या घरी असते. जिवंत माणसाशेजारी उभं राहून ‘सांत्वन करायला आलो’ म्हटलं की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. हा शब्द पत्रकाच्या शोकग्रस्त कुटुंबांसाठीच्या पानावर ठेवा, पहिल्या पानावर नको.

‘प्रोत्साहन’ शाळेचा, खेळाचा, अनुदानाचा शब्द. केमोनंतर ज्याच्या पोटात पाणी ठरत नाही त्याला प्रोत्साहन दिलं, तर त्याने अजून जोर लावायला हवा होता असा अर्थ निघतो. तो आधीच जमेल तेवढा जोर लावतो आहे.

‘दिलासा’ बातम्यांनी बराच व्यापलाय. ‘न्यायालयाकडून दिलासा’ म्हणजे जामीन किंवा स्थगिती. तरी घरगुती बोलण्यात शब्द अजून ऊबदार आहे. चालेल.

‘धीर’ सगळ्यांत बरा, फक्त क्रियापदाकडे लक्ष ठेवा. ‘धीर देणे’ हे भेटणाऱ्याचं काम. ‘धीर धरा’ म्हणताच ते काम रुग्णाच्या अंगावर पडतं. पत्रकात जिथे आज्ञार्थ असेल तिथे तो भेटकऱ्याला उद्देशून हवा: बसा, ऐका, विचारा. रुग्णाला उद्देशून एकही आज्ञार्थ नको. ‘रडू नका’सुद्धा नको.

आता ‘आशा’. खरी अडचण इथे आहे. दवाखान्यात ‘आशा आहे’ आणि ‘आशा सोडली’ ही वाक्यं डॉक्टरांच्या खोलीबाहेर बोलली जातात, आणि ती जगण्यामरण्याच्या शक्यतेबद्दल असतात. भेटकरी श्रद्धेने म्हणतो, ‘आशा आहे’. मुलगा लगेच विचारतो, ‘डॉक्टर काही बोलले का?’ एका शब्दाने घरातल्यांना चुकीची बातमी मिळते, आणि दोन दिवसांनी माणूस गेला की ते भेटकऱ्याला खोटा ठरवतात. म्हणून ‘आशा’ कधीही एकटी ठेवू नका, कशाची ते सोबत लिहा. ‘मरणाने देवाची संगत तुटत नाही, ही आमची आशा’ असं पूर्ण वाक्य हवं. ख्रिस्ती आशा पुनरुत्थानावर उभी आहे, रिपोर्टवर नाही. बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करावी, पण बरं होण्याचं वचन भेटकऱ्याने देऊ नये.

भगूरचा
दिलासा, उमेद, हिंमत ही सगळी फारसी-अरबी आवक. संस्कृत शब्द असताना ती कशाला? सावरकरांच्या नाशिक जिल्ह्यात राहून भाषाशुद्धीची एवढी तरी चाड असावी. आणि ‘आशा’ला आपल्या परंपरेत चांगलं स्थान नाही, हेही सांगतो. सुभाषितात आशेला आश्चर्यकारक साखळी म्हटलंय: तिने बांधलेले धावत सुटतात, तिच्यातून सुटलेले पांगळ्यासारखे बसून राहतात. आशाळभूत, वेडी आशा, आशेला लावणे, सगळीकडे हीनपणाच. ‘श्रद्धा’ किंवा ‘विश्वास’ वापरा.

जुनी पोथी
‘विश्वास’ नाही चालणार. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात विश्वास, आशा, प्रीती अशी तीन वेगळी नावं घेतो. दोन एकात मिसळली की तिसऱ्याचा हिशेब चुकतो.

साखळीचं सुभाषित मात्र छान आठवलंत. हिब्रूत आशेला ‘तिक्वा’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा अर्थ दोरी. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाब खिडकीला किरमिजी दोरी बांधते, तिथे मूळ शब्द हाच. आपल्याकडे बांधून पळवणारी साखळी, तिकडे ओढून वाचवणारी दोरी.

भगूरचा
मग ‘दोरी’ लिहा. निदान मराठी तरी आहे.

वॉर्ड नंबर चार
संस्कृत की फारसी, हा प्रश्न रुग्णाचा नाही. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या आजीला ‘आश्वस्त करतो’ कळणार नाही, ‘उमेद धरा’ कळेल. पंडिता रमाबाईंनी बायबलचं भाषांतर केलं (छापून आलं १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर) ते साध्या माणसाला वाचता यावं म्हणून. कसोटी ती ठेवा.

जुनी पोथी
मूळ प्रश्नाकडे ग्रीकमधून येतो. इंग्रजीत जिथे धीर, सांत्वन, उत्तेजन असं काही दिसतं तिथे बायबलच्या नव्या करारात बहुतेक वेळा एकच शब्द असतो: पाराक्लेसिस. जवळ बोलावणं, शेजारी उभं राहून बोलणं. मराठी पवित्र शास्त्राने त्याचे तीन तुकडे केलेत. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी देव ‘सांत्वनदाता’. योहान १४ मध्ये त्याच कुळातल्या शब्दाला ‘कैवारी’. आणि ‘प्रेषितांची कृत्ये’च्या ४थ्या अध्यायात बर्णबाच्या नावाचा अर्थ दिलाय ‘बोधपुत्र’.

यातला ‘बोध’ आज घात करतो. शाळेत गोष्ट संपली की ‘यावरून काय बोध घ्याल?’ विचारतात. इब्री १०:२५ मधलं ‘एकमेकांना बोध करावा’ हे वाक्य घेऊन लोक आजाऱ्याकडे जातात आणि खरोखरच बोध करतात: हे दुखणं तुम्हाला का आलं, यातून देव काय शिकवतो आहे. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर उत्तम चाललं होतं. बोलायला लागले तेव्हा त्यांनी नेमकं हेच केलं.

मला विचाराल तर ‘कैवारी’. कैवार घेणं म्हणजे बाजू घेणं. रुग्णाला त्याच्या बाजूचा कोणी हवा असतो.

ओझरकर
कैवारी बरा, पण शीर्षकात ‘दुःखितांचा कैवार’ लिहिलंत तर मोर्चाचं पत्रक वाटेल.

थेस्सलनीकाच्या पहिल्या पत्रातलं ५:१४ बघा. एका वचनात तिघांना तीन वेगळ्या गोष्टी आहेत: अव्यवस्थितांना ताकीद, अल्पधीरांना धीर, अशक्तांना आधार. खचलेल्याला ताकीद दिली की तो अजून खचतो. अशक्ताला नुसता धीर दिला तर त्याच्या औषधाची चिठ्ठी तशीच पडून राहते. पत्रकाची मांडणी या तिघांवर करता येईल.

पत्रककर्ती
मांडणीचं पटलं. ‘भेट’ या क्रियेला काय लिहू? ‘रुग्णभेट’ कोरडं वाटतं.

जुनी पोथी
समाचार. मत्तय २५ मध्ये तोच आहे: मी आजारी होतो तेव्हा माझ्या समाचारास आलात.

ओझरकर
‘समाचार घेणे’ म्हणजे झाडणी करणे. ‘खरपूस समाचार’.

वॉर्ड नंबर चार
‘समाचार घेणे’ नको, ‘समाचाराला जाणे’ ठेवा. विभक्ती बदलली की अर्थ बदलतो. जिल्ह्याच्या खेड्यांत हे अजून सर्रास बोलतात.

समाचाराला गेल्यावर काय करावं तेही पत्रकात घाला. आधी नर्सला विचारा, मग रुग्णाला: ‘बसू का?’ नाही म्हणाला तर परत फिरा. बसलात तर डोळ्यांच्या पातळीवर बसा. उभ्याने बोललं की रुग्णाला मान वर करावी लागते आणि पाहुणा घाईत वाटतो. खाटेवर बसू नका, सलाइनची नळी दबते. दहा मिनिटं पुरे. ‘काय झालंय?’ ऐवजी ‘आजचा दिवस कसा गेला?’ विचारा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याने दिवसभरात सगळ्यांना दिलेलं असतं. प्रार्थना करू का, हे विचारूनच करा, आणि शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. अन्य धर्माच्या रुग्णाने मागितल्याशिवाय हातात पत्रक देऊ नका.

वाचायला एकच स्तोत्र, तेही आखूड. ४२वं चांगलं, कारण त्यात माणूस आपल्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास? ज्याला काहीच सहन होत नाहीये त्याच्यासाठी ८८वं. ते अंधारातच संपतं, उजेडाची ओळ येत नाही. बरेच भेटकरी ते टाळतात. टाळू नये, आपली अवस्था शास्त्रात लिहिलेली आहे, हे ऐकूनही माणसाला धीर येतो.

‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द भेटकऱ्याने उच्चारू नयेत. रुग्ण स्वतः म्हणाला तर ऐकून घ्यावेत.

वसईवाला
शीर्षकाला रोम ५:५ जोडा. कॅथोलिक सभेचं २०२५चं जयंतीवर्ष त्याच वचनावर होतं, ब्रीद होतं ‘आशेचे यात्रेकरू’. मराठीत वचन असं आहे: ‘आशा लाजवत नाही’. बोधचिन्हात चार माणसं एकमेकांना बिलगलेली, पुढचं क्रुसाला धरून, आणि क्रुसाचं खालचं टोक नांगराचं. पत्रकावर नांगराचं चित्र घाला. इब्री ६:१९ मध्ये आशेला जिवाचा नांगर म्हटलंच आहे.

ओझरकर
‘लाजवत नाही’ वाचून काही पोहोचत नाही. फुलालाही लाजवील असं सौंदर्य, हा आजचा वापर. मूळ अर्थ भरवसा ठेवणाऱ्याची चारचौघांत फजिती होऊ न देणं. मराठीत त्याला नेमका वाक्प्रचार आहे: ‘आशा तोंडघशी पाडत नाही’.

वसईवाला
वेदीवरून वाचायला ‘तोंडघशी’? नाही पटत.

निफाडची शेती
नांगराबद्दल. वसईत नांगर म्हटलं की होडी दिसते, इथे बैल किंवा ट्रॅक्टर. मराठी नव्या करारातही दोन्ही आहेत: लूक ९:६२ मध्ये नांगराला हात घालून मागे पाहणारा, आणि इब्रीमध्ये जिवाचा नांगर. क्रियापदाची तर आणखी पंचाईत. नांगरलेली होडी जागची हलत नाही, नांगरलेली जमीन उलटीपालटी झालेली असते. ‘आशेने जीव नांगरला’ लिहिलंत तर निफाडात उलटाच अर्थ लागेल.

वॉर्ड नंबर चार
चित्राखाली प्रेषितांचा २७वा अध्याय लिहा, म्हणजे गोंधळ राहणार नाही. वादळात वाचण्याची आशा सुटते, गलबताच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडण्याची वाट पाहतात. पौल तिथे ‘धीर धरा’ म्हणतो, पण नुसतं म्हणत नाही. आधी कारण सांगतो, मग चौदा दिवस उपाशी असलेल्यांना खायला लावतो, स्वतः सगळ्यांसमोर भाकर मोडून खातो. गलबतावर २७६ माणसं होती. धीर द्यायचा तर डबाही न्यावा, आणि रुग्णाच्या उशाशी बसलेल्या बायकोने काही खाल्लंय का ते विचारावं.

पत्रककर्ती
हे सगळं घेते. शीर्षक मात्र शुक्रवारी छपाईला द्यायचंय. ‘समाचाराला जाताना: ख्रिस्ती आशा आणि धीराचे शब्द’ कसं वाटतं?

जुनी पोथी
‘शब्द’ काढा, धीर शब्दांतच असतो असं नाही. आणि नांगराबद्दल: शेताचा नांगर संस्कृत लांगलपासून. आरंभीच्या ल चा न झाला, जसं ललाटचं निढळ आणि लांगूलची विंचवाची नांगी. जहाजाचा नांगर फारसी लंगर. तो याच वळणाने गेला आणि दोघांचं रूप एक झालं.

भगूरचा
एकाच शब्दाचे दोन अर्थ का नसावेत? फाळ जमिनीत रुततो, तोही रुततो. लांगल पुरेसा आहे, फारसी मध्ये आणायचं कारण नाही.

जुनी पोथी
तमिळमध्येही जहाजाचा तो नंगूरम, आणि नांगरटीचा शब्द तिथे वेगळाच. बंदरांवरून शब्द फिरला, शेतांवरून नाही.

निफाडची शेती
पण मग लंगरचा नांगर झाला असेल तर ‘लंगर’ मराठीत वेगळा कसा टिकला? मनमाडच्या गुरुद्वाऱ्यातला लंगर पंजाबीतून आला म्हणू. संक्रांतीला पोरं दोऱ्याला दगड बांधून पतंग ओढतात, त्यालाही लंगरच म्हणतात. तो कुठून आला?