वेडसर माणसाची हद्दपारी: सरकारी खर्चाने वकील द्यावा की नाही?

अनुपमा
अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात सरकारचा वकील हजर असतो. ज्याला हद्दपार करायचं त्याला मात्र वकील हवा असेल तर स्वतःच्या पैशाने करावा लागतो. हद्दपारी ही शिक्षा नाही, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने १८९३ सालीच ठरवून टाकलं. धडधाकट माणसाबद्दल यावर वाद घालता येईल, पण आपण कुठे बसलोय हेही ज्याला कळत नाही त्याने काय करायचं?

२०११ च्या एम-ए-एम प्रकरणात इमिग्रेशन कोर्टांच्या वरच्या अपील मंडळाने निकष घालून दिले. कारवाई कशाची आहे हे माणसाला समजतं का, वकिलाशी सल्लामसलत करता येते का, पुरावा मांडता येतो का, हे जजने तपासायचं. उत्तर 'नाही' आलं तरी केस थांबेलच असं नाही. काही 'संरक्षक उपाय' करून ती पुढे नेता येते आणि उपाय जजच निवडतो. वकील दिलाच पाहिजे, असं त्यात नाही. नियमांत तर असंही आहे की वकील, पालक, नातेवाईक, मित्र कोणीच मिळालं नाही, तर तो ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनाच त्याच्या वतीने हजर राहण्याची विनंती करावी. ज्याने कोंडलंय तोच बाजू मांडणार! हे मला अजिबात मान्य नाही.

२०१३ साली फ्रँको खटल्यात लॉस एंजेलिसच्या फेडरल जज डॉली जी यांनी कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांपुरता आदेश दिला: गंभीर मानसिक आजारामुळे स्वतःची बाजू मांडू न शकणाऱ्या, ताब्यातल्या लोकांना सरकारने पात्र प्रतिनिधी (म्हणजे वकील किंवा तशी मान्यता असलेली व्यक्ती) द्यावा. पुढे न्याय खात्याने ही सोय इतर राज्यांतही सुरू केली. २०२५ मध्ये सरकारने ती या तीन राज्यांबाहेर थांबवली. माझ्या मते हा हक्क देशभर, कायद्यातच हवा.

शशांक
असहमत. आम्ही ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं रांगेत आहोत, प्रत्येक फॉर्मचे आणि वकिलाचे पैसे खिशातून भरतोय, कर भरतोय तो वेगळा. बेकायदा आलेल्याला फुकट वकील का? इमिग्रेशन कोर्टात ३० लाखांहून जास्त केसेस तुंबल्यात. आजारी असल्याचं सोंग करणारे निघणार नाहीत याची हमी कोण देणार? आणि काहींवर गंभीर गुन्हे सिद्ध झालेले असतात, हे धाग्यात कुठेच नाही.

अनुपमा
शशांक, सोंगाची भीती फौजदारी कोर्टातही असते. म्हणून तर तज्ज्ञ तपासणी करतात. आणि तिथे आरोपीला खटला समजत नसेल तर खटला तहकूब होतो, आपल्याकडेही आणि अमेरिकेतही. सगळे 'बेकायदा आलेले' असतात हेही खरं नाही. ग्रीन कार्डवाल्यावरही हद्दपारीची केस होते. उद्या आपल्यापैकीच कोणाच्या मुलाला स्किझोफ्रेनिया झाला आणि हातून मारामारी घडली, तर तो याच कोर्टात उभा असेल.

दुभाषी_न्यूजर्सी
मी या कोर्टांत हिंदीसाठी दुभाष्याचं काम करते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. जज व्हिडिओच्या पडद्यावर, मी फोनवर. "तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही, हे आरोपपत्रातलं म्हणणं मान्य आहे का?" "हां जी." "वकील शोधायला वेळ हवा का?" "हां जी." "की आजच पुढे जायचं?" "हां जी." मग मध्येच त्याने मलाच विचारलं, दीदी, जेवण आलं का? जसं बोलला तसं मी इंग्रजीत सांगितलं, कारण माझं काम तेवढंच. त्या दिवशी जजनी थांबून चौकशी सुरू केली. सगळेच थांबतात असं नाही. एकेका दिवसाला केसेसची केवढी यादी असते!

शशांक
वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तुमच्याच उदाहरणात जजनी थांबवलं ना? वकील नसलेल्या आणि अक्षम असलेल्या माणसाची नुसती कबुली जजने धरायची नाही, हा नियम आधीपासून आहे. तो नीट पाळा. नवा हक्क आणि नवा खर्च कशाला?

तिसरा_प्रहर
नियम असूनही काय होतं ते बघा. नॉर्थ कॅरोलिनात जन्मलेल्या, मानसिक आजार असलेल्या एका अमेरिकी नागरिकाला २००८ साली मेक्सिकोत हद्दपार केलं. त्याला स्पॅनिशचा गंध नव्हता. मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा करत तो महिनोन्महिने भटकत राहिला. ग्वाटेमालातल्या अमेरिकी दूतावासाने त्याच्या घरच्यांशी संपर्क साधला, तेव्हा कुठे सुटका झाली. तो तर नागरिकच होता, बाकीच्यांची काय कथा.

पण अनुपमा, तुमच्याशीही थोडं भांडायचंय. फ्रँको खटल्यातल्या मुख्य वादीची केस २००५ सालीच बाजूला ठेवली होती, त्याला काही समजत नाही म्हणून. तरी तो सगळी मिळून जवळपास पाच वर्षं कोठडीत होता. सुनावणी थांबवणं म्हणजे न्याय नव्हे. म्हणून त्या निकालातला मला सर्वांत मोलाचा भाग वकिलाचा वाटत नाही. १८० दिवसांहून जास्त कोठडी झाली तर जामिनाची सुनावणी घ्या, हा वाटतो.

अनुपमा
तो भाग मोलाचा आहेच. पण केस बाजूला ठेवलेला माणूस अजून आतच आहे, हे पाच वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्याच्या नावाने अर्ज करणारं कोणी नव्हतं. जामीन मागायलाही माणूस लागतोच.

कोकणकडा
वकील म्हणून एक अडचण मांडतो. अशील सूचनाच देऊ शकत नसेल तर वकिलाने काय करायचं? त्याला परत जायचंय की राहायचंय? आश्रय मागायचा तर छळाची हकीकत त्याच्याच तोंडून यायला हवी. ती विस्कळीत आली तर जज म्हणणार विश्वासार्ह नाही. २०१५ मध्ये अपील मंडळाने सांगितलं खरं, की आजारामुळे जबाब विसंगत वाटत असेल, तर माणसाला मनापासून भीती वाटते हे जजने गृहीत धरावं. तरी वाटण्याला बाहेरचा आधार लागतोच. बहीण, डॉक्टर, जुनी कागदपत्रं. ती शोधायला दोन-दोन महिने जातात. वकील द्या, पण त्याला वेळ आणि शोधाशोधीला पैसा दिला नाही तर तो नुसता शेजारी बसून राहील.

शशांक
कोकणकडा, म्हणजे खर्च मी म्हणतोय त्याहून जास्तच. हद्दपारीआधी जन्मदाखला आणि नागरिकत्व पक्कं तपासा, एवढं मला मान्य. त्यापुढे नाही.

तिसरा_प्रहर
तपासणार कोण? २००८ च्या त्या केसमध्ये तो नागरिक असल्याच्या नोंदी सरकारकडेच होत्या.