मदत हवी आहे: अमेरिकन सैन्यातल्या भाच्याचं नागरिकत्व अडकलंय

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या सैन्यात तुमच्यापैकी कुणाची मुलं असतील किंवा तिथल्या इमिग्रेशनच्या कायद्यांची माहिती असेल तर कृपया वाचा. जरा लांबलंय, पण तपशील दिला नाही तर पहिल्या चार प्रतिसादांत तेच विचाराल.

माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा शाळेत असताना आईवडिलांबरोबर तिकडे गेला. वडिलांच्या नोकरीवर सगळ्यांना ग्रीन कार्ड मिळालं आणि कॉलेज अर्ध्यात सोडून हा आर्मीत भरती झाला. आम्ही साताऱ्याकडचे, मिलिटरी अपशिंग्यात निम्मे पाहुणे, आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यामुळे पोरगं फौजेत गेल्याचं कुणाला वावगं वाटलं नाही. 'पण त्यांच्या फौजेत का?' एवढं आजीने विचारलं, आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

भरती होताना ऐकलं होतं की सैनिकाला इतरांसारखी पाच वर्षं थांबावं लागत नाही, ट्रेनिंग संपेपर्यंत नागरिकत्व होऊन जातं. प्रत्यक्षात एन-४२६ नावाच्या एका फॉर्मवर सही मिळवतानाच दमछाक झाली. हा मुलगा खरोखर सैन्यात आहे आणि त्याची नोकरी सन्मानाची आहे, असा तो दाखला. ट्रेनिंगमध्ये म्हणाले, पुढच्या युनिटमध्ये होईल. पुढच्या युनिटमध्ये म्हणाले, आधी सहा महिने होऊ देत. सहा महिने झाले तर सही करणारे साहेबच बदलले. नोकरीला वर्ष उलटल्यावर सही झाली, एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज गेला, बोटांचे ठसेही दिले. तेवढ्यात दुसऱ्या राज्यात बदली. मुलाखतीचं पत्र जुन्या बराकीच्या पत्त्यावर गेलं आणि त्याच्या हातात पडलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. तेव्हापासून सामसूम आहे.

घाईचं कारण म्हणजे गेल्या हिवाळ्यात त्याचं लग्न झालं आणि सूनबाई अजून साताऱ्यातच आहे. शिवाय त्याला सैन्यात ज्या कामात जायचंय त्याला सिक्युरिटी क्लिअरन्स (गुप्त माहिती हाताळायची परवानगी) लागतो, आणि तो नागरिकांनाच मिळतो.

प्रश्न: अर्ज बाद झाला का, सगळं पहिल्यापासून करायचं का? बायकोसाठी अर्ज आत्ताच टाकावा की नागरिकत्व मिळेपर्यंत थांबावं? आणि यात आम्ही इथे बसून काही करू शकतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

– कृष्णाकाठ

प्रतिसाद: अटलांटाकर

ताई, सरळ कोर्टात जा. १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर फेडरल कोर्टात दावा लावता येतो. माझ्या मित्राने लावला, महिन्याभरात शपथ झाली. नाहीतर नवीन अर्ज टाका, सैनिकांना फी नाहीच.

प्रतिसाद: कारकून

अटलांटाकर, ते १२० दिवस मुलाखतीपासून मोजतात. इथे मुलाखत झालेलीच नाही, तेव्हा ते कलम लागू नाही. तुमच्या मित्राची मुलाखत झालेली असणार.

ताई, मी इथे इमिग्रेशनच्या एका वकिलाकडे कागदपत्रं बघतो. वकील नाही, पण हे रोज हाताखालून जातं.

नवीन अर्ज टाकू नका. मुलाखतीला गैरहजर राहिलं आणि ३० दिवसांत काही कळवलं नाही तर अर्ज सोडून दिल्याचं धरून फाइल बंद करतात. पण बंद म्हणजे नामंजूर नव्हे. फाइल बंद झाल्यापासून एका वर्षाच्या आत लेखी विनंती केली की तोच अर्ज पुन्हा उघडतो, त्याला फी नाही. विनंतीला बदलीच्या आदेशाची प्रत जोडायची. सैनिकासाठी याहून चांगलं कारण कुठलं असणार! पत्ता बदलल्याचं वेगळं कळवावं लागतं. आर्मीला माहीत आहे म्हणजे नागरिकत्वाच्या खात्याला माहीत आहे असं मुळीच नसतं, आणि मी पाहिलेल्या निम्म्या फायली इथेच अडकलेल्या असतात.

सैनिकांसाठी खात्याची वेगळी टोल-फ्री लाइन आहे: ८७७-२४७-४६४५. फोन भाच्यानेच करायचा, मावशीने नाही. बहुतेक तळांवर लीगल असिस्टन्स ऑफिस असतं, तिथले वकील सैनिकाला फुकट सल्ला देतात. तो तिथे गेलाय का? बरीच पोरं जात नाहीत, वरिष्ठांना वाटेल तक्रार करतोय म्हणून.

बायकोचा आय-१३० (तिला तिकडे नेण्यासाठी नवऱ्याने करायचा अर्ज) आत्ताच टाका. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला वार्षिक कोट्याच्या रांगेत थांबावं लागतं, नागरिकाच्या बायकोला ती रांग नाही. आज टाकलेला अर्ज तो नागरिक झाला की वरच्या वर्गात जातो, फक्त प्रमाणपत्राची प्रत पाठवायची. थांबण्यात फायदा शून्य.

प्रतिसाद: निवृत्त फौजी

'आधी सहा महिने होऊ देत' हे वाचून कान टवकारले.

अमेरिकेत दोन वेगळी कलमं आहेत. शांततेच्या काळात ग्रीन कार्ड आणि एक वर्षाची नोकरी लागते. युद्धकाळात मात्र सन्मानाने केलेली एक दिवसाची नोकरीही पुरते. बुश यांनी जुलै २००२ मध्ये आदेश काढून ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ यात धरला, आणि तो काळ संपल्याचं अजून कुणी जाहीर केलेलं नाही. इंग्रजी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा सुटत नाही, पण अमुक वर्षं देशात राहिल्याची अट सुटते.

मग सहा महिने आले कुठून? ऑक्टोबर २०१७ मध्ये संरक्षण खात्याने धोरण बदललं. एन-४२६ वर सही हवी तर सलग १८० दिवसांची सक्रिय सेवा, राखीव दलात असाल तर एक वर्ष, पार्श्वभूमीची तपासणी पूर्ण, आणि सही करणारा अधिकारी कर्नल किंवा त्याच्या वरचा. एका फॉर्मसाठी कर्नल! ज्यांनी फौजेत कधी कर्नलसाहेबांच्या टेबलावर कागद पोचवलाय त्यांना कळेल. यावर नागरिक नसलेले सैनिक कोर्टात गेले (सम्मा विरुद्ध संरक्षण खातं) आणि ऑगस्ट २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीश एलेन सीगल हुवेल यांनी ही किमान सेवेची अट बेकायदा ठरवली. कायद्याने एक दिवस पुरत असताना खात्याला त्यात स्वतःची मुदत घुसडता येत नाही, असा साधारण मुद्दा. तरी युनिटच्या ऑफिसात जुनी सवय टिकून राहते. तुमच्या भाच्याची नोकरी वर्षाच्या वर आहे, त्यामुळे आता त्याला हा वाद घालायची गरजच नाही.

अवांतर: ज्यांना मॅव्हनी आठवतंय त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. २००९ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत ग्रीन कार्ड नसलेले, विद्यार्थी व्हिसावरचे लोकसुद्धा भरती व्हायचे. डॉक्टर, नर्स किंवा लष्कराला हवी असलेली भाषा येणारे. त्या यादीत हिंदी होती, त्यामुळे आपली पोरंही गेली. दहा हजारांहून जास्त लोक घेतले. २०१६ मध्ये तपासण्या इतक्या कडक केल्या की योजनाच थांबली. करारावर सही केलेली पोरं ट्रेनिंगची तारीख येईना म्हणून घरी बसली आणि इकडे व्हिसा संपत आले. काहींना सैन्याने नंतर काढूनही टाकलं. फौजेत नाव घालून हद्दपारीची भीती बाळगायची, याला काय म्हणावं?

आणि ठशांवरून आठवलं. केंडेल फ्रेडरिक हा मूळ त्रिनिदादचा, आर्मी रिझर्व्हमधला सैनिक. ऑक्टोबर २००५ मध्ये इराकमध्ये, नागरिकत्वाच्या अर्जासाठी बोटांचे ठसे द्यायला जात असताना रस्त्यावरच्या बॉम्बस्फोटात गेला. नागरिकत्व मरणोत्तर मिळालं. त्याची आई मागे लागली, आणि २००८ मध्ये त्याच्या नावाने कायदा झाला: भरतीच्या वेळी घेतलेले ठसेच अर्जाला वापरायचे.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कारकून, तुमचा प्रतिसाद भाच्याला जसाच्या तसा पाठवला. तो लीगलमध्ये गेलेला नव्हता, या आठवड्यात जाणार आहे. निवृत्त फौजी, तो शेवटचा परिच्छेद मी बहिणीला वाचून दाखवलेला नाही.

कुणीतरी सुचवलं की तिथल्या खासदाराला पत्र लिहा. पण सैनिकाने राजकारण्याकडे गेलेलं चालतं का? इकडे तर अशाने साहेब खुन्नस धरतात.

प्रतिसाद: अटलांटाकर

१२० दिवसांबद्दल कारकून बरोबर. मित्राला विचारलं, मुलाखत झाली होती.

खासदाराचं मात्र मी खात्रीने सांगतो, तिकडे ही रोजची गोष्ट आहे. प्रत्येक काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) सदस्याच्या ऑफिसात हेच काम करणारी माणसं असतात. सैनिकाने काँग्रेस सदस्याशी संपर्क साधला म्हणून त्याच्यावर सूड घ्यायला कायद्याने बंदी आहे. ते फक्त खात्याकडे चौकशी पाठवतात. मात्र माहिती उघड करायच्या संमतिपत्रावर भाच्याची स्वतःची सही लागते, तुमच्या पत्रावर काही होणार नाही.

प्रतिसाद: कारकून

सहमत. पण आधी फाइल पुन्हा उघडायची विनंती जाऊ दे, मग खासदार. नाहीतर चौकशीला उत्तर येईल, 'अर्जदार गैरहजर'. आणि परदेशात बदली व्हायची कुणकुण असेल तर तेही लगेच कळवा. सैनिकांची मुलाखत आणि शपथ परदेशातही होऊ शकते, पण मागणी करावी लागते.

प्रतिसाद: पाटणकर काकू

कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. ताई, नागरिकत्व मिळालं की भारताचं आपोआप जातं, दुहेरी आपल्याकडे नाही. भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, हे सगळेच करतात. पण बाकीचे पुढे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढतात आणि आयुष्यभर निर्धास्त येतात-जातात. परदेशी सैन्यात असलेल्याला किंवा तिथून निवृत्त झालेल्यालाही ओसीआय मिळत नाही. त्याला दर वेळी व्हिसा काढूनच साताऱ्याला यावं लागेल. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाला हे शपथ झाल्यावर कळलं.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

बाप रे, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. निवृत्त झाल्यावरही नाही?

प्रतिसाद: पाटणकर काकू

निवृत्त झाल्यावरही नाही, नियमात तसं स्पष्ट लिहिलंय. व्हिसा मिळतो हो, फक्त वेळ हातात ठेवून अर्ज करायचा आणि सैन्यात असल्याचं लपवायचं नाही. आणि रजेवर परदेशात जायला त्याला आधी युनिटची परवानगी लागेल, ती व्हिसाच्या आधी घ्यायला सांगा.

प्रतिसाद: निवृत्त फौजी

अजून एक. युद्धकाळाच्या कलमाखाली मिळालेलं नागरिकत्व, पाच वर्षांची सन्मानाची सेवा पुरी व्हायच्या आत सैन्यातून बेअब्रू होऊन बाहेर पडावं लागलं तर काढून घेता येतं. दुसरीकडे, सैन्यात होतो म्हणजे आपण आपोआप नागरिक झालो असं समजून अर्जच न केलेले, आणि पुढे कुठल्यातरी गुन्ह्यात सापडून हद्दपार झालेले माजी सैनिकही आहेत. मेक्सिकोत तिहुआनाला हेक्टर बराहास यांनी अशांसाठी आसरा उभा केला, ते स्वतः २०१८ मध्ये नागरिक होऊन परतले. तेव्हा शपथ होऊन प्रमाणपत्र हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका म्हणावं, आणि त्याच्या प्रती तुमच्याकडे साताऱ्यातही ठेवा.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

सांगते. सूनबाई आजच आय-१३० साठी लग्नाच्या दाखल्याची प्रत काढायला नगरपालिकेत गेली आहे. दाखला मराठीत आहे, भाषांतर कुणाकडून करून घ्यायचं, नोटरी लागते का?

प्रतिसाद: कारकून

नोटरी नको. दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही करून 'भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, मी ते करायला सक्षम आहे' असं लिहून नाव, सही, पत्ता, तारीख टाकली की चालतं. नवराबायकोने मात्र स्वतः करू नये, उगाच शंका नको. तुम्हीसुद्धा नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी नमुना पाठवतो.