मदत हवी आहे: टंकलेखनासाठी जुना थिंकपॅड टी४८० लॅपटॉप हवाय, खात्रीचा कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत मराठी टंकलेखनाचं काम करते. निकालपत्रांची भाषांतरं, प्रबंध, दिवाळी अंकांची हस्तलिखितं. दिवसाचे आठ-नऊ तास इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीवर बोटं चालू असतात. गेली नऊ वर्षं हे सगळं थिंकपॅड टी४२० वर केलं. मॉडेल २०११ चं, म्हणजे मी घेतला तेव्हाच जुना होता. काना ज्या कळीवर येतो त्या 'ई'वरचं अक्षर कधीच पुसलं गेलंय, पाय मोडायची 'डी' काचेसारखी गुळगुळीत झालीय, पण एकही कळ कधी अडकली नाही. मागच्या महिन्यात त्याचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्यानेच सांगितलं, ताई, आता यावर खर्च करू नका.

बजेट २० हजार. या पैशात नवीन मिळतात ते दुकानात जाऊन हाताळून आले. कळा इतक्या उथळ की अर्धं पान टाइप केलं तरी बोटांना कळ दाबल्याचं समाधान नाही. शिवाय बऱ्याच मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही.

विंडोजऐवजी फुकटची लिनक्स मिंट टाका असं कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगते. माझ्याकडे येणाऱ्या कामात अजून श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरच्या आणि पानं लावायच्या पेजमेकरच्या फाइली असतात, आणि माझी श्रीलिपी डोंगलवरची आहे, म्हणजे यूएसबीला तिची किल्ली लावली तरच चालते. विंडोजला पर्याय नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे स्वस्तात मिळणारा टी४७० बाद झाला, तो सहाव्या-सातव्या पिढीचा. टी४८० हा २०१८ चा, आठव्या पिढीत मिळणारा, रॅमचे दोन स्लॉट, आणि दोन बॅटऱ्या: एक आत, एक मागे बाहेरून निघणारी. आमच्याकडे वीज दुपारी जाते ती कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून ही बाहेरची बॅटरी मला फार मोलाची वाटते.

आता झालेला घोटाळा सांगते. पुण्यातल्या एका दुकानातून १९,५०० ला टी४८० घेतला. दिसायला स्वच्छ. झाकणावर मालमत्तेचं स्टिकर खरवडून काढल्याचा चौकोनी चिकट डाग होता, तिकडे मी लक्ष दिलं नाही. घरी आणून विंडोज नव्याने टाकलं, वायफाय जोडलं, तर पडद्यावर परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचं नाव आणि 'तुमच्या ऑफिसच्या ईमेलने लॉगिन करा'. दुकानदार फोनवर म्हणाला, नेट न जोडता इन्स्टॉल करा, काही होत नाही. मला ते पटलं नाही. परत नेला, दोन तास उभी राहिले, तेव्हा १,५०० कापून बाकीचे पैसे मिळाले. जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेला दिवस वेगळाच.

तर विचारायचं हे की पैसे देण्याआधी दुकानातच हे कसं ओळखायचं? आणखी काय बघायचं? आणि टी४८० मिळालाच नाही तर टी४९० चालेल का?

प्रतिसाद – लॅमिंग्टन_रोडकर

ताई, मशीन परत केलंत ते उत्तम केलंत. असे लॅपटॉप आधी ज्या कंपनीच्या ऑफिसात होते तिने ते आपल्या मशीनच्या ऑनलाइन यादीतून काढलेलेच नसतात. नेटशिवाय इन्स्टॉल केलं तर चालतात, पण पुढे कधी रीसेट केलं की तीच स्क्रीन परत उभी राहते. दुकानात हे तपासायचा खात्रीचा मार्ग एकच: विंडोज ११ चा पेनड्राइव्ह सोबत न्या, समोर कोरं इन्स्टॉल करा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. अर्धा-पाऊण तास जातो. जो दुकानदार एवढा वेळ देत नाही त्याच्याकडे घेऊ नका.

त्याआधी चालू करताना एफ१ दाबून बायॉसमध्ये (विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये) जा. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच ठेवून या. थिंकपॅडमध्ये तो बायॉसचा सेल काढून जात नाही, अधिकृत उपाय म्हणजे बोर्ड बदलणं. सिक्युरिटीमध्ये अ‍ॅब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस (मालकाला मशीन दुरून शोधता आणि बंद करता येण्याची सोय) चालू आहे का तेही बघा.

टी४८० चं खास दुखणं म्हणजे चार्जिंगचं टाइप-सी पोर्ट. त्या काळच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये (हे पोर्ट चालवणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये) दोष होता, अपडेट न केलेल्या मशीनचं ते पोर्ट बिघडतं. दोन्ही सी पोर्टांत चार्जर लावून बघा, घेतल्यावर पहिलं काम फर्मवेअर अपडेट. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढून दोन्ही बॅटऱ्यांची मूळ क्षमता आणि आजची क्षमता ताडून पाहा. पडदा फुल एचडी आयपीएस (बाजूनेही स्वच्छ दिसणारा) मागा, १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचे, कमी रेखीव पडदेवाले पुष्कळ फिरतात, त्यावर दिवसभर अक्षरं वाचणं डोळ्यांना जड जाईल.

टी४९० मध्ये एक रॅम सोल्डर केलेली असते आणि बॅटरी आतच. तुमच्या विजेच्या अडचणीला तो उपयोगी नाही.

प्रतिसाद – ध_नु

कीबोर्ड ब्रिटिश आहे की अमेरिकन ते नक्की बघा. बाहेरून आलेल्या मालात एंटर उभा मोठा असतो आणि डावी शिफ्ट तोकडी, झेडच्या शेजारी एक जादा कळ. इन्स्क्रिप्टमध्ये अर्धी अक्षरं शिफ्टवर आहेत, तुमचं डावं बोट रोज चुकेल. पर्याय म्हणून एचपीचा एलिटबुक ८४० जी५ किंवा डेलचा लॅटिट्यूड ७४९० बघा, दोन्ही आठव्या पिढीत मिळतात आणि दोन्हींत रॅमचे दोन स्लॉट. बॅटरी मात्र आतली. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला चार दुकानं फिरून भाव काढा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शिफ्टचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, 'ख', 'घ', 'थ', 'ध' सगळे तिथेच आहेत! शनिवारी पुण्याला जातेय. पेनड्राइव्ह भाच्याकडून करून घेतलाय, आणि टाइप करून बघायला एका निकालपत्राचं पान सोबत नेणार आहे. पुण्यात कुणी स्वतः टी४८० विकत असेल, फुल एचडी आणि अमेरिकन कीबोर्डचा, तर शुक्रवारपर्यंत इथेच कळवा. आधी तोच बघायला येईन.