संकेत ‘फोडणारी’ की ‘उकलणारी’?

प्रश्न:
किशोरांसाठी थरारकादंबरी लिहिते आहे. काळ १९४१, जागा इंग्लंडमधलं ब्लेचली पार्क, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश वाचण्याचं ब्रिटिश केंद्र. नायिका अठरा वर्षांची, डोक्याने तल्लख, शत्रूचे एनिग्मा या सांकेतिक लिपीच्या यंत्रावरचे संदेश वाचणारी. तिच्या मागावर कुणीतरी आहे. ‘कोडब्रेकर’ला काय म्हणावं? ‘कूटभेदक’ शासकीय परिपत्रकातला वाटतो. ‘कोड फोडणारी’ म्हटलं तर घरच्यांना अंगावरचं कोड आठवलं.

प्रतिसाद:
‘कूट’ टाळाच. संस्कृतात कूटलेख म्हणजे बनावट दस्तऐवज, कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार. नायिका खोटी कागदपत्रं पकडणारी वाटेल (आणि आमच्या घरात कूट फक्त दाण्याचं). कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त हेरांच्या निरोपांसाठी ‘संज्ञालिपी’ आहे, पण तो आज कुणाला कळणार? ‘सांकेतिक लिपी’ सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद:
माझी अडचण क्रियापदाची आहे. मराठीत ‘पेपर फुटला’, ‘गुपित फोडलं’ म्हणजे आपल्याच माणसाने बाहेर सांगितलं. ‘तिने संदेश फोडला’ वाचल्यावर मला ती फितूर वाटेल. ‘उकलला’ किंवा ‘उलगडला’ बरं.

प्रतिसाद:
अंशतः असहमत. कुलूप किल्लीने काढलं तर ते उघडणं, किल्ली नसताना काढलं तर फोडणं. संदेशाचंही तसंच. ज्याच्यासाठी तो आहे त्याच्याकडे त्या दिवसाची यंत्राची मांडणी असते, तो संदेश ‘उलगडतो’. ब्लेचलीची मुलगी ‘फोडते’. हा फरक मराठीत आयता मिळत असताना दोन्हीकडे ‘उलगडणे’ का वापरायचं? फक्त कर्म बदला: ‘लिपी फोडली’ म्हणा, ‘संदेश फोडला’ नको. महानुभाव पंथाची गुप्त सकळ लिपी इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी उलगडली असं आपण म्हणतो, खरं तर तीही फोडलीच. मोडीला मात्र यात ओढू नका, ती गुप्त लिपी नव्हती, भरभर लिहायची होती.

प्रश्नकर्ती:
हे पटलं. ‘लिपी फोडली’, ‘संदेश वाचला’. आणि तिच्यावर फितुरीचा संशय येतो तिथे मुद्दाम ‘संदेश फोडला’ ठेवते, शिपायाच्या तोंडी!

प्रतिसाद:
विषयांतर, पण अठरा वर्षांची मुलगी असल्या कामात? पटेल का?

प्रतिसाद:
पीटर हिल्टन १९४२ च्या जानेवारीत ब्लेचलीत आला तेव्हा अठराचाच होता. मेव्हिस लीव्हर १९४० मध्ये रुजू झाली, तीही विशीच्या आतली, आणि शिकत होती जर्मन, गणित नव्हे. तिथला मुरलेला कोडब्रेकर डिली नॉक्स याच्या हाताखाली तिने इटालियन नौदलाचे संदेश वाचले, मार्च १९४१ मधल्या ग्रीसजवळच्या मातापानच्या सागरी लढाईआधी त्यांचाच उपयोग झाला. तिची एक गोष्ट तुमच्या कथेत शोभेल. एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःचंच रूप घेत नाही, ‘एल’ दाबलं तर ‘एल’ सोडून दुसरंच काही उमटतं. एका लांबलचक संदेशात तिला ‘एल’ कुठेच दिसेना. म्हणजे पलीकडच्या कंटाळलेल्या माणसाने नुसतं ‘एल’च दाबत बसून खोटा संदेश पाठवला होता! एवढ्यावरून यंत्राच्या आतल्या तारांचा माग लागला.

प्रतिसाद:
तेव्हा नायिकेला ‘गणितात हुशार’ ठरवून टाकू नका, भाषेत कान असलेली करा. आणि तिला नाम हवंच का? पळापळीच्या प्रसंगात ‘ती संकेतभेदिका धावली’ वाचून हसूच येईल. ‘ती धावली’ पुरे. कागदोपत्री हुद्दा लागेलच तिथे ‘कोडब्रेकर’ देवनागरीत खुशाल लिहा.

प्रश्नकर्ती:
‘एल’चा प्रसंग घेतेच. पण तिथे ‘ल’ करायचं की ‘एल’च?

प्रतिसाद:
‘एल’च. त्या यंत्रावर सव्वीस कळा आहेत, आपल्या बाराखडीला पुरणार नाहीत.